गैरहजर माणसाची बिदागी

गॅदरिंगच्या बजेटचा कागद कधी नीट वाचलाय का? मांडव, साउंड, लाइट, जनरेटर, पाहुण्यांची शाल-श्रीफळं, व्हॉलंटियर्सचे वडापाव, एवढंच काय, स्टेजवरच्या झेंडूच्या माळांनासुद्धा त्यात एक ओळ असते. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती गाणी मात्र त्या कागदावर कुठेच नसतात. गाण्याला कसले पैसे? पेन ड्राइव्हमध्ये असतातच की!

असं समजणारे आपण एकटे नाही. आपल्या लोधिवलीवरून जुन्या मुंबई-पुणे हायवेने चौककडे, पुढे खोपोलीकडे किंवा कर्जतकडे निघा. लॉन, हॉल, फार्महाउस, रिसॉर्ट यांच्या पाट्या मोजून दमाल. पावसाळ्यातला शनिवार-रविवार असो की थर्टी फर्स्ट, मुंबई-पुण्याची पब्लिक इथे येते ती दोन गोष्टींसाठी, हिरवळ आणि धिंगाणा. हिरवळ निसर्गाने दिली. धिंगाणा मात्र कोणीतरी लिहिलेल्या, कोणीतरी चाल लावलेल्या आणि कोणीतरी गायलेल्या गाण्यांवर चालतो. जेवणाचं बिल होतं, खोलीचं होतं, डीजेला ॲडव्हान्स मिळतो. गाणं ज्याचं आहे त्याच्यासाठी पैसे मागायला कोणी आलं, की लगेच बोंबाबोंब, “ही कसली नवीन वसुली?”

माझं मत सरळ सांगतो. ही वसुली नाही, ही बिदागी आहे आणि ती दिलीच पाहिजे. पण नुसते पैसे देऊन काम संपत नाही. कोणती गाणी वाजली त्याची यादी सोबत दिली नाही, तर ती बिदागी भलत्याच्याच खिशात जाते. आणि ती यादी करणं आपल्यासारख्या आयोजकांच्याच हातात आहे.

वाजवणाऱ्याला आणि गाणाऱ्याला पैसे देणं हे काही परदेशातून आलेलं खूळ नाही. आपल्या रायगडात आगरी-कोळी लग्नांत धवलारीण धवले गाते. तिचा मान असतो, तिच्या हातावर काही ठेवल्याशिवाय लग्नघर तिला परत पाठवत नाही. हळदीला बेंजोवाले आले तर त्यांची सुपारी आधी ठरते. तमाशात दौलतजादा, मैफलीत बिदागी, कीर्तनात दक्षिणा. नावं वेगळी, रीत एकच, समोर बसलेल्या कलावंताला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. अडचण फक्त एवढीच, की ही रीत समोर बसलेल्या माणसापुरतीच आहे. ज्याने शब्द लिहिले, चाल बांधली, तो त्या रात्री तिथे नसतो. कदाचित नागपूरला झोपलेला असतो, कदाचित या जगातही नसतो आणि घरी त्याची बायको-मुलं असतात. रॉयल्टी म्हणजे या गैरहजर माणसाची बिदागी. बाकी मग सगळी कायद्याची भाषा.

या गैरहजर माणसाची गोष्ट सुरू झाली पॅरिसमध्ये, १८४७ साली. अर्नेस्ट बुर्जे नावाचा गीतकार एका कॅफेत बसला होता. तिथले कलाकार त्याचीच रचना सादर करत होते. वेटर बिल घेऊन आला, तेव्हा बुर्जेने पैसे द्यायला नकार दिला. त्याचं म्हणणं साधं होतं. तुम्ही माझं गाणं फुकट वापरता, मग मी तुमचं साखरपाणी फुकट पितो, फिटंफाट! प्रकरण कोर्टात गेलं आणि गीतकार जिंकला. पण एकटा माणूस गावोगावच्या कॅफेंवर नजर कशी ठेवणार? म्हणून १८५१ साली फ्रान्समध्ये गीतकार-संगीतकारांची ‘सासेम’ ही संस्था निघाली. सगळ्यांच्या वतीने एकदाच पैसे गोळा करायचे आणि वाटायचे. आज जगभर चालते ती हीच पद्धत.

“आम्ही गाण्याचं तिकीट कुठे लावतो? लोक जेवायला येतात,” हा आपल्याकडच्या हॉटेलवाल्यांचा आवडता मुद्दा. हा मुद्दाही शंभर वर्षं जुना आहे. न्यूयॉर्कच्या शॅन्ली या रेस्टॉरंटने अगदी हेच सांगितलं होतं. संगीतकार व्हिक्टर हर्बर्टने दावा लावला आणि १९१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होम्स यांनी रेस्टॉरंटचं म्हणणं फेटाळलं. त्यांचा युक्तिवाद असा, की गिऱ्हाईक फक्त अन्नाचे पैसे देत नाही, त्या वातावरणाचे देतं. संगीताने धंद्याला फायदा होत नसता, तर मालकाने ते कधीच बंद केलं असतं. आपल्या हायवेवरच्या कोणत्याही रिसॉर्टला हे जसंच्या तसं लागू पडतं. शनिवारी रात्री साउंड बंद ठेवून बघा, पुढच्या शनिवारी किती गाड्या पार्किंगला लागतात ते!

आता जरा गाणं उघडून बघू, आपण मशीन उघडतो तसं. ‘सैराट’मधलं (२०१६) ‘झिंगाट’ घ्या, कारण ते वाजल्याशिवाय आपल्याकडे काहीच संपत नाही. बाहेरून ते एकच गाणं दिसतं, आत मात्र वेगवेगळे हक्क आहेत. शब्द ही एक मालमत्ता, चाल ही दुसरी आणि स्टुडिओत झालेलं रेकॉर्डिंग ही तिसरी. शिवाय गायकाचा हक्क वेगळा. ‘झिंगाट’चे शब्द, चाल आणि आवाज तिन्ही अजय-अतुल यांचेच, त्यामुळे माणसं कमी दिसतात. एरवी तीन कामांना तीन माणसं असतात आणि रेकॉर्डिंगची मालकी बहुधा म्युझिक कंपनीकडे असते. स्टेजवर ऑर्केस्ट्राने गाणं गायलं तर शब्द आणि चाल वापरली गेली. डीजेने ट्रॅक लावला तर रेकॉर्डिंगसुद्धा वापरलं गेलं. म्हणून एकाच रात्रीसाठी दोन ठिकाणची लायसन्स लागू शकतात. शब्द-चालीसाठी आयपीआरएस, म्हणजे १९६९ साली स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी. रेकॉर्डिंगसाठी पीपीएलसारख्या संस्था किंवा हक्क घेतलेल्या इतर कंपन्या.

अभंगांचं काय? तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, त्यावर कोणाचाच कॉपीराइट नाही. पण श्रीनिवास खळ्यांनी त्या अभंगांना लावलेल्या चाली खळ्यांच्या आहेत. आपल्याकडे कॉपीराइट कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. २०२३ साली राज्यगीत झालेलं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ बघा. गीतकार राजा बढे १९७७ साली गेले, म्हणजे शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत. संगीतकार खळे २०११ साली गेले, म्हणजे चालीवरचा हक्क २०७१ अखेरपर्यंत. तोवर आपली नातवंडं गॅदरिंग करत असतील!

आता प्रश्न येतो, आपल्या देशात गीतकार-संगीतकारांना हे पैसे मिळत होते का? बराच काळ नाही. साठच्या दशकात लता मंगेशकरांनी गायकांना रॉयल्टी हवी असा आग्रह धरला. मोहम्मद रफींचं म्हणणं पडलं, की गाण्याचे पैसे घेतले की विषय संपला. त्यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गाणंच बंद केलं होतं. पुढे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने आयपीआरएसच्या खटल्यात निकाल दिला. निर्मात्याने पैसे देऊन सिनेमासाठी गाणं करून घेतलं, की वेगळा करार नसेल तर मालक निर्माताच. त्याच निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक टिपण जोडलं. गायकाला आपला कायदा काहीच देत नाही, याकडे त्यांनी संसदेचं लक्ष वेधलं. संसदेने पुरेसं लक्ष द्यायला २०१२ साल उजाडलं. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते, त्यांनी हा विषय लावून धरला. त्या दुरुस्तीने ठरलं, की सिनेमागृहात सिनेमासोबत गाणं वाजतं ते सोडून इतरत्र जिथे जिथे ते वापरलं जाईल, तिथल्या रॉयल्टीत गीतकार-संगीतकारांचा समान वाटा. आणि हा वाटा त्यांना लिहून देऊन टाकतासुद्धा येणार नाही; वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेलाच काय तो देता येतो. म्हणजे गरजेपोटी कोणी सही करून बसला, तरी कायदा त्याच्या बाजूने उभा.

इथे आपल्यातला एखादा नक्की विचारेल, “आम्ही उद्या कंपनीत कोड लिहू, तो कंपनीचाच. आम्हाला कुठे जन्मभर रॉयल्टी मिळणार आहे?” प्रश्न रास्त आहे. पण फरक बघा. आपल्याला महिन्याला पगार, पीएफ, सुट्ट्या आणि नशीब असलं तर बोनस. गीतकाराला गाण्यामागे एकदाच काहीतरी रक्कम मिळते आणि तीही कधी? गाणं चालेल की पडेल हे कोणालाच माहीत नसताना. दहातली नऊ पडतात. जे एक चालतं, त्याची किंमत नंतर कळते आणि ती ठरते आपल्यासारख्या नाचणाऱ्यांमुळे. तेव्हा त्या एकाचा वाटा नंतर देणं याला मी उपकार म्हणणार नाही, तो राहिलेला हिशेब आहे.

मग आता आपल्या गॅदरिंगलाही लायसन्स काढायचं का? थांबा, घाबरू नका. १९५७ चा कॉपीराइट कायदा इतका कोरडा नाही. त्याचं कलम ५२ हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर लावण्यासारखं आहे. तेच ‘झिंगाट’ चार ठिकाणी वाजवून बघू.

एक, कॉलेजात. संस्थेच्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी स्वतः गाणं सादर केलं तर परवानगी लागत नाही. रेकॉर्डिंग वाजवलं तरी चालतं, फक्त प्रेक्षक आपलेच हवेत, म्हणजे विद्यार्थी, स्टाफ, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं. राहत्या इमारतीतल्या रहिवाशांच्या सामाईक खोलीसाठीही सूट आहे, तेव्हा कॉमन रूममधल्या स्पीकरची चिंता नको. तिथे रेक्टर सर पुरेसे आहेत.

दोन, हळदीत. लग्नाची वरात आणि लग्नासंबंधीचे सामाजिक समारंभ यांना कायद्याने स्पष्ट सूट आहे. अंगणातल्या हळदीच्या डीजेकडे कोणी लायसन्स मागू शकत नाही. रात्री दहानंतर पोलीस आले तर ते आवाजासाठी, रॉयल्टीसाठी नाही.

तीन, हौशी मंडळात. हौशी क्लबने किंवा मंडळाने फुकट बघणाऱ्या प्रेक्षकांसमोर गाणी सादर केली तरी सूट आहे.

चार, रिसॉर्टच्या लॉनवर, पास लावून. इथे सूट संपली. प्रवेशाला पैसे घेतले, बाहेरची व्यावसायिक ऑर्केस्ट्रा किंवा डीजे आणला, बाहेरची पब्लिक आली, की लायसन्स हवंच. आपलं इंटर-कॉलेज फेस्ट, डीजे नाइट, पास आणि स्पॉन्सरचे बॅनर असं झालं, तर तेही याच खात्यात गेलं. नुसता डीजेच नाही, फायद्यासाठी जागा देणारा मालकही यात अडकतो. गुन्हा सिद्ध झाला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड अशी तरतूद आहे. आणि मोबाइलवरच्या ॲपचे महिन्याचे पैसे भरले म्हणून तेच गाणं लॉनवर पाचशे जणांसाठी लावता येत नाही. ते पैसे तुमच्या कानापुरते असतात.

जागामालकांचीही एक बाजू आहे, ती ऐकली पाहिजे. त्यांची खरी तक्रार अशी, की आज एक येतो, उद्या दुसरा, परवा तिसरा. कोणाला पैसे दिले म्हणजे सुटलो, ते कोणी सांगत नाही. यात तथ्य आहे. डिसेंबर २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालय म्हणालं, नोंदणीकृत कॉपीराइट संस्थेनेच लायसन्स देण्याचा व्यवसाय करावा. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालय म्हणालं, हक्क स्वतःच्या नावावर करून घेतलेली कंपनीही देऊ शकते. एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने पुन्हा वेगळी भूमिका घेतली आणि वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला. शेजारच्या गोव्यात सरकारने जानेवारी २०२४ मध्ये परिपत्रक काढलं, की लग्नसमारंभांना गाण्याची परवानगी लागत नाही. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते रद्द केलं. कायद्यातली सूट कायम आहे, पण सरकारला परिपत्रकातून तिचा अर्थ ताणता येणार नाही. जिथे न्यायालयांचंच एकमत नाही, तिथे कर्जतच्या लॉनमालकाने काय समजायचं? एक खिडकी, एक दरपत्रक, एक पावती ही त्यांची मागणी योग्यच आहे. पण खिडक्या जास्त आहेत म्हणून बिलच देणार नाही, हे काही बरोबर नाही. मेसची पावती दोन ठिकाणी फाडावी लागते म्हणून आपण जेवण फुकट मागत नाही.

आता मूळ मुद्दा. समजा लॉनमालकाने पैसे भरले, पावती घेतली. त्या रात्री वाजली तीस गाणी. त्यातली पंधरा आगरी-कोळी गाणी, पाच भीमगीतं, दोन लावण्या, बाकी हिंदी. कोणती वाजली हे कोणीच लिहून ठेवलं नाही. संस्थेकडे पैसे आले, पण ते कोणाचे हे कळणार कसं? मग अंदाज. रेडिओवर, टीव्हीवर, मोठ्या कार्यक्रमांत जे वाजल्याची नोंद आहे, त्या प्रमाणात वाटप. म्हणजे खालापूरच्या लॉनवर नाचलो कोळीगीतावर आणि पैसे गेले हिंदी सिनेमाच्या हिट गाण्याला! जो आधीच मोठा, तो आणखी मोठा. ज्याचं गाणं रेडिओवर कधीच लागत नाही, पण प्रत्येक हळदीत, प्रत्येक जयंतीला लागतं, त्याचा हिशेबच होत नाही. त्यात काही गाण्यांवर ‘पारंपरिक’ असा शिक्का मारून मोकळं व्हायची आपल्याला सवय. परंपरा म्हणजे कोणीतरी माणूसच होता, एवढं तरी शोधायला नको का?

हा प्रश्न खरं तर आपल्या शाखेचा आहे. डेटा एंट्री झाली नाही, तर सिस्टीम कितीही भारी असो, आउटपुट चुकणारच. मोबाइल कानाजवळ धरला की दोन-चार सेकंदांत गाणं ओळखणारी ॲप्स आपण सगळे वापरतो. तेच तंत्र साउंडच्या मिक्सरला जोडलं तर रात्रभराची यादी आपोआप तयार होईल. लाइव्ह बँडला ते जमणार नाही, कारण गायक बदलला की ओळख पटणं अवघड. पण तिथे तर काम आणखी सोपं आहे, गाण्यांचा क्रम कागदावर लिहून स्टेजवर चिकटवलेलाच असतो. तो फाडून फेकायच्या ऐवजी पाठवायचा, बस्स. फायनल इयरचे विषय शोधत फिरणाऱ्यांनी हा विषय घ्यावा. दर वर्षीच्या ‘लाइन फॉलोअर रोबो’पेक्षा बरा आहे!

तेव्हा कल्चरल कमिटीला माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली, बाहेरची ऑर्केस्ट्रा, डीजे किंवा लॉन ठरवताना दोन प्रश्न लेखी विचारा. लायसन्स कोण काढणार आणि यादी कोण देणार? कॉपीराइट संस्थांना त्यांचं दरपत्रक प्रसिद्ध करावंच लागतं, तेव्हा कोणी तोंडी आकडा सांगितला तर दरपत्रक मागा आणि पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. पैसे द्यायचे म्हणजे डोळे मिटून द्यायचे असं नाही.

दुसरी, आपल्या गॅदरिंगला कायद्याने सूट असली तरी यादी करा. गाणं, गीतकार, संगीतकार, मूळ गायक, असे चार रकाने. गाणं सादर करणाऱ्याने नाव देतानाच ते भरून द्यायचे. नाही भरले तर एंट्री नाही. जर्नलवर सही मिळवण्यासाठी आपण जेवढी धावपळ करतो, त्याच्या दहाव्या हिश्शात हे होईल.

तिसरी, निवेदकाने ती नावं माइकवर घ्यावीत. आकाशवाणीवर वर्षानुवर्षं गाण्याआधी गीतकार, संगीतकार, गायक अशी नावं सांगतात. आपल्या कितीतरी घरांत ती नावं त्यामुळेच पाठ आहेत. आपल्याकडे निवेदक “अँड नाउ, पुट युअर हँड्स टुगेदर” म्हणतो आणि नाव घेतो ते फक्त नाचणाऱ्या ग्रुपचं. ज्याला पैसे देणं लागत नाही, त्याचं निदान नाव तरी घेऊ. त्याला काही खर्च नाही.

सूट मिळते म्हणून विसरून जायचं, की सूट मिळते म्हणून आठवण ठेवायची, हे ज्याने त्याने ठरवावं. पण उद्या आपल्यातलाच कोणी नोकरी सोडून गाणी लिहायला लागेल, प्रत्येक बॅचमध्ये असा एक वेडा निघतोच. त्याचं गाणं कुठल्यातरी लॉनवर वाजेल आणि तो तिथे नसेल. तेव्हा तिथल्या पोरांनी यादी लिहिलेली असावी, एवढंच मला वाटतं. यंदाच्या यादीचा कागद मेसच्या दारावर लावायचं काम कमिटीने सांगितलं तर मी करीन.